शेतकऱ्यातली आत्याबाई

गेल्या शनिवारी नागपूरच्या कळमना बाजारात, संत्र्यांच्या क्रेटांच्या मधोमध माझी जी शोभा झाली, ती एका अशा अक्षरामुळे की जे दिसतच नाही. दिसलं असतं तर त्याला दोन शब्द तरी सुनावले असते.

मावसाजींची तिथे आडत आहे. आंबिया बहर सुरू झाला की दिवाणजींना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून हिशेबपट्टीचा प्रोग्राम मी करून दिला. फुकट. नातेवाइकांत सॉफ्टवेअर आणि अक्षता यांचे पैसे कोणी देत नाही. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत केला आणि आतली व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यांची, नावं चक्क मराठीत ठेवली: हमाली, तोलाई, गाडीभाडे, शेतकऱ्याचे_नाव.

अस्मिता वगैरे काही नाही हो. पहिली आवृत्ती शहाण्यासारखी रोमन लिपीतच लिहिली होती. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की एकाच फाइलीत मी शेतकऱ्याचं स्पेलिंग चार तऱ्हांनी केलंय. एक ‘टी’ कमी पडला की कट्ट्यांची संख्या काट्यावरच्या वजनात जाऊन बसायची. पट्टी, पत्ती आणि पाटी ही तर रोमनमध्ये एकाच आईची लेकरं. २००८ साली पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी नावं चालतात, जावा या दुसऱ्या भाषेत तर त्याच्याही आधीपासून. मग वापरायची कधी, मेल्यावर?

शनिवारी सुरुवात झकास झाली. दिवाणजींनी वजन मराठी आकड्यांत टाकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण पायथॉनने ‘१.८’ टन बिनतक्रार वाचलं. (हाच आकडा प्रोग्रामच्या ओळीत मराठीत लिहिला तर मात्र अंगावर येतो. पाहुण्याला गोड, घरच्यावर गुरगुर.) मग मावसाजी म्हणाले, “नावासंगं गावही येऊ दे ना.” दोन मिनिटांचं काम. दिवाणजींनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या यादीतून शब्द उचलला, गाव जोडलं, एंटर मारलं.

इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरॅक्टर, यू प्लस २००डी. म्हणजे न दिसणारं, न चालणारं अक्षर, आणि पुढे त्याचा नंबर. खाली चूक दाखवणारा बाण, तोही भलत्याच अक्षराखाली, कारण त्या काळ्या खिडकीला आपल्या काना-वेलांट्यांची मापं घेता येत नाहीत.

उलट्या क्रेटवर काटोलकडचे एक काका सकाळपासून पट्टीची वाट पाहत बसले होते. ते उठून माझ्या खांद्यामागे आले.

“काय म्हून रायली जी मशीन?”

“काही नाही काका, एका शब्दात चूक आहे.”

“कोन्या शब्दात?”

इथे खोटं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “शेतकऱ्या.”

काकांनी दुपट्टा झटकला. “घ्या! आता कम्प्युटरलेही शेतकरी चालत नाही!” हे मला नव्हे, शेजारच्या तीन गाळ्यांना उद्देशून. हमाल थांबले. एकाने डोक्यावरचं क्रेट खाली ठेवलं, हे माझ्या मते अति झालं.

मी समजावू लागलो. समजावण्याचा मला रोग आहे. म्हटलं, काका, हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, टिंबवाला ऱ, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. माझ्या कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की तो ऱ येतो. दुसरा, साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य जोडणारं अक्षर घालायचं. ते नसेल तर र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. दिवाणजींच्या फोनमधून हा दुसरा आलाय. (दोन्ही दिसायला हुबेहूब सारखे, त्यामुळे इथेही लिहून दाखवण्यात अर्थ नाही.)

“म्हंजे ते अक्षर दिसत नाही?”

“नाही.”

“जागा घेते?”

“रुंदी शून्य.”

“पन काम अडवते.”

“हो.”

काका क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा राग येता येता राहिला.

“आमच्या सातबाऱ्यावरच्या आत्याबाईवानी!”

मग आत्याबाई सुरू झाली. ती काकांच्या बापाची आत्या. लगन होऊन बैतूलकडे गेली ते गेलीच. काकांनी तिला कधी पाहिली नाही, तिनं वावरात कधी पाय ठेवला नाही, एक संत्रं खाल्लं नाही. पण विहिरीसाठी कर्ज काढायला जावं की सातबाऱ्यावर तिचं नाव. “सही आना म्हंते. कुठून आनू? हाय का नाही तेच मालूम नाही!” बैतूलच्या दोन फेऱ्या झाल्या, वकील झाला, वकिलाचा मुलगा वकील झाला. माझा कर्सर तिकडे लुकलुकत होता आणि मी मान डोलावत होतो.

“तुमी का करसाल मंग तुमच्यावालीचं?”

“पुसतो आणि शब्द नव्याने लिहितो.”

“बस?”

“बस.”

“आमाले तेरा वर्सं झाले,” काका म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं, शुद्ध हेवा होता.

तोवर दिवाणजींनी वहीतलं पान फाडून पट्टी हातानेच लिहून टाकली होती. शेतकऱ्यातला ऱ्या काढताना त्यांनी मनगटाला असा काही झोक दिला की तो मुद्दाम माझ्यासाठीच होता याबद्दल मला शंका नाही. मावसाजी एवढंच म्हणाले, “इंग्रजीत लिहिलं असतं तर चाललं असतं ना?”

हे वाक्य चार दिवस झाले, उतरत नाही. चाललं असतं, मावसाजी. तेच तर दुखतं. ‘फार्मर’ लिहिणाऱ्याला त्या शब्दात कोण लपून बसलंय हे तपासावं लागत नाही.

सोमवारी ऑफिसात सांगितलं तर एकाने सल्ला दिला, गो नावाची भाषा वापर. गो! त्या भाषेत नावात अक्षरं आणि आकडे चालतात, पण काना, वेलांटी, उकार, मोडलेला पाय ही तिच्या लेखी अक्षरंच नाहीत. म्हणजे नगर चालतं, नागपूर चालत नाही. कमल चालते, कमला नाही. शिवाय एखादं नाव पॅकेजबाहेर, म्हणजे प्रोग्रामच्या एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात, न्यायचं तर पहिलं अक्षर कॅपिटल हवं, आणि आपल्यात कॅपिटल आणायचं कुठून? कमलने घरात राबावं, उंबरा ओलांडू नये.

प्रोग्रामिंगच्या आद्य मंडळींपैकी एक, अमेरिकेच्या ग्रेस हॉपर बाई सांगायच्या, की १९५०च्या दशकात त्यांनी एकच प्रोग्राम इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये आज्ञा देऊन दाखवला, तर वरिष्ठांची झोप उडाली. फिलाडेल्फियात बनलेलं सभ्य अमेरिकन यंत्र, त्याला फ्रेंच कळेलच कशी? फ्रेंचांची ही गत, तर काटोलला कोण विचारतो.

आणि हो, अदृश्य अक्षरं अडवण्यामागे कारण आहे, मला माहीत आहे. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की न दिसणाऱ्या खुणा पेरल्या तर माणसाला एक प्रोग्राम दिसतो आणि यंत्र दुसराच वाचतं. मान्य. पण नाकाबंदी लागते चोरासाठी आणि डिकी उघडायला लावतात दूधवाल्याला. आमचा ऱ्या काय कोणाच्या घरात शिरणार होता?

काल दुरुस्त प्रोग्राम घेऊन गेलो. मावसाजी म्हणाले, “ते शेतकरी-बितकरी काढून टाक बाबा. नुसतं पार्टी लिही. पार्टी कुठंच अडत नाही.” वाद घातला नाही. पडद्यावर आता पार्टीचे नाव, पार्टीचे गाव असं दिसतं. फाइलीच्या आत मात्र शेतकऱ्याचे_गाव आहे, शिफ्ट धरून, ‘जे’ दाबून, जीव खाऊन लिहिलेलं.

काका दुसरी खेप घेऊन आले होते. छापील पट्टी त्यांनी लांब धरून वाचली.

“पार्टी कोन?”

“तुम्हीच.”

पट्टीची चौघडी करून त्यांनी बंडीच्या खिशात घातली आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “तुमच्यावाली आत्याबाई गेली का?”

“गेली.”

“मंग माहीवालीबी काढून द्या ना जी.”