तारकर्लीचे स्कुबा आणि अफरवटचा उतार

डिसेंबर उजाडला की कुडाळ-मालवणपासून चिपळूणपर्यंतच्या भटक्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: तारकर्लीला पोहता न येणारा पाहुणासुद्धा प्रशिक्षकाच्या भरवशावर स्कुबा करतो, मग गुलमर्गला गाईड घेऊन बॅककंट्री, म्हणजे आखून-दाबून तयार केलेल्या उतारांच्या बाहेरचे, स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग पहिल्याच खेपेला करायला काय हरकत आहे? गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारी केबल कार, वर नेऊन सोडते, धोका कुठे आहे ते गाईडला ठाऊक असते, अंगावर बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जागा शोधता यावी म्हणून संदेश पाठवणारे छोटे यंत्र) असतो आणि सह्याद्रीचे घाट चढलेल्या माणसाला दम कमी पडत नाही. मजकूर हौस वाढवणारा आहे, त्यामुळे तो भराभर पुढे जातो. त्यातली विधाने मात्र एकेक करून तपासली की टिकत नाहीत.

आधी तारकर्लीचे पाहू. तिथे नवख्या माणसाला पाण्यात नेणारा प्रशिक्षक त्याला शेवटपर्यंत हाताने धरून ठेवतो, वर-खाली नेण्याचे कामही तोच करतो. पाहुण्याने तोंडातल्या नळीने श्वास घेत राहणे एवढेच पुरते. बर्फाच्या उतारावर असे धरून नेता येत नाही. धोक्याचा उतार आला की गाईड आधी स्वतः उतरतो, सुरक्षित जागी थांबतो आणि मग एकेकाला बोलावतो, कारण उतारावर एका वेळी एकाचाच भार पडावा आणि बर्फ सुटलाच तर एकच माणूस सापडावा, हा नियम आहे. म्हणजे नेमक्या कसोटीच्या वेळी ग्राहक एकटा असतो आणि त्याला मऊ, खोल बर्फात हव्या त्या जागी वळता आणि थांबता आलेच पाहिजे.

धोका कुठे आहे ते गाईडला ठाऊक असते, हे विधान अर्धेच खरे आहे. उताराचा कोन त्याला मोजता येतो; बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि वाऱ्याने कड्यामागे साठवलेला बर्फ विशेष दगा देतो, हे तो जाणतो. परंतु वरच्या घट्ट थराखाली साखरेसारख्या सुट्या कणांचा कच्चा थर कुठे दडला आहे हे खड्डा खणून पाहिले, तरी तो खड्डा त्या एका जागेपुरतेच सांगतो. काही पावलांवर वरचा घट्ट थर पातळ झालेला असू शकतो आणि तिथे एका स्कीचा भार पडला की अख्खा पापुद्रा सुटतो. जीवघेण्या अपघातांपैकी बहुसंख्य अपघातांत हिमस्खलन सापडलेल्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेले असते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गजवळच्या अफरवट डोंगराच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. त्या वेळी वाचवलेल्या लोकांत दोन स्थानिक गाईडही होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, खिलनमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. गाईड निरुपयोगी असतो असा याचा अर्थ नव्हे. त्याच्याविना तिथे पाऊलही टाकू नये. पण तो धोका कमी करतो, नाहीसा करत नाही.

बीकनविषयीचा समज मला सर्वांत घातक वाटतो. बीकन माणसाला वाचवत नाही. तो फक्त संदेश पाठवत राहतो आणि तो संदेश पकडून शोध घेण्याचे काम वर राहिलेल्या सोबत्यांचे असते. त्यांनी आपापले यंत्र शोधाच्या स्थितीत न्यायचे, पडद्यावरच्या बाणाच्या रोखाने पुढे सरकायचे, आकडा लहान होत गेला की यंत्र बर्फालगत धरून सर्वांत लहान आकड्याची जागा गाठायची, तिथे प्रोबची लांब काठी बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसत जायचे आणि माणूस लागला की काठी तशीच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने फावड्याने खणायचे. यासाठी हाताशी साधारण दहा ते पंधरा मिनिटे असतात. त्यानंतर गुदमरून मरण्याची शक्यता झपाट्याने वाढते. गाडला गेलेला माणूस गाईडच असेल, तर हे सगळे पहिल्यांदा बर्फ पाहिलेल्या ग्राहकांनी करायचे आहे. तासाभराच्या सरावाशिवाय बीकन गळ्यात अडकवून देणारा आयोजक भेटला, तर त्याला नाही म्हणावे.

राहिला दमाचा प्रश्न. आंबोलीचा घाट फार तर सातशे मीटर उंचीचा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो, जिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ६० टक्केच असतो. काल किनाऱ्यावर असलेल्या माणसाला तिथे डोके दुखणे, मळमळणे हे घाट चढल्याच्या सवयीने टळत नाही. त्यासाठी दोन-तीन दिवस गुलमर्गलाच राहून शरीर रुळू द्यावे लागते. शिवाय गोंडोला चढ वाचवते हेही सरसकट खरे नाही. तिथून पुढच्या कड्यांवर जाताना स्कीच्या तळाला उलट्या केसांचे पट्टे चिकटवून, टाचा मोकळ्या ठेवून चढावे लागते. स्नोबोर्डवाल्याला त्यासाठी दोन भागांत सुटणारा बोर्ड लागतो, आणि साधा बोर्ड सपाटीवर आला की पाय सोडवून ढकलत न्यावा लागतो. (बोर्ड स्कीपेक्षा सोपा, असेही त्या मजकुराच्या काही आवृत्त्यांत आहे. खोल बर्फात नवखा माणूस दोन्हींवर आपटतो.)

ज्यांच्याकडे आठवडाभराचीच रजा आहे, त्यांनी ती गुलमर्गच्या खालच्या सौम्य उतारांवर शिकण्यात घालवावी. तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही अभ्यासक्रम घेते. आखीव उतारावर दोन्ही बाजूंना न पडता वळता यायला लागले की पुढच्या हंगामात ३० अंशांच्या आतल्या उतारावर गाईडसोबत एक दिवस मागावा. गाईड ठरवताना तीन गोष्टी विचाराव्यात: तो आधी आखीव उतारावर आपली चाचणी घेणार का, शोधाचा सराव कधी करून घेणार, आणि हवामान बिघडून बेत रद्द झाला तर पैशांचे काय. विमा काढला असेल, तर आखीव उतारांबाहेरचे स्कीइंग त्यातून वगळले आहे का, हे निघण्याआधी पॉलिसीत वाचून घ्यावे.