छोटा हत्ती म्हणालात? चालेल!

ह्यूस्टनकर, तुमची कमेंट वाचली आणि आधी मनसोक्त हसलो. बाकीच्यांसाठी सांगतो, एल्कच्या (हे अमेरिकेतलं भलंमोठं हरीण) शिकारीसाठी तयार केलेल्या माझ्या टॅकोमा पिकअपचे फोटो बघून यांचं म्हणणं असं की लिफ्ट (गाडी उंच करून घेणं) नाही, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) नाही, वर टेंट नाही, काचेला रायफलचा रॅक नाही, मागे नुसत्या फळ्या, कूलर आणि प्रेशर कुकर, ही काय बॅककंट्रीची गाडी म्हणायची, हा तर भाजीवाल्याचा छोटा हत्ती. वर टायर कोणते तेही विचारलंय. बरं. आता ऐका.

तुमचं रान आणि माझं रान वेगळं आहे हो. टेक्सासात जवळपास सगळी जमीन खासगी, तुम्ही लीज घेता, गेट उघडून थेट स्टँडपर्यंत (शिकारीला दबा धरून बसायची जागा) गाडी नेता, हाय रॅकवर (गाडीवरच्या उंच बैठकीवर) बसून शिकार केली तरी तिथे चालतं. मी जातो कोलोरॅडोत फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांकडे, तिथे वाइल्डरनेसची, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानाची, हद्द लागली की संपलं, १९६४ च्या कायद्याने पुढे इंजिनवालं काही नाही, सायकल नाही, मटण ओढायची दोन चाकी गाडीसुद्धा नाही, पाय नाहीतर घोडा. चार इंच लिफ्ट केलेली गाडी त्याच पाटीपाशी उभी राहणार जिथे माझी राहते. हद्दीच्या बाहेर नॅशनल फॉरेस्टमध्येही फॉरेस्टवाल्यांच्या नकाशावर जे रस्ते आहेत तेवढ्यावरच गाडी घालायची. त्यामुळे गाडीने मला एल्कपर्यंत न्यावं अशी माझी अपेक्षाच नाही, मटण न नासता खाली आलं पाहिजे आणि ऑक्टोबरात रात्रीतून बर्फ पडला तरी आम्ही खाली आलो पाहिजे, बास.

आणि खरा मुद्दा वजनाचा आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. ड्रायव्हरचं दार उघडा, पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती त्याचा आकडा. माझ्यावर ११५० पाउंड आहे, आणि त्यात ड्रायव्हरही धरायचा असतो. दोन माणसं बूट-जॅकेट-पॅकसकट ४२०, टॉपर (मागच्या हौद्यावरचं बंद झाकण) १७०, फळ्यांचा ओटा नि खालचे ड्रॉवर १००, दहा गॅलन पाणी ८३, शिधा-स्टोव्ह-तंबू १३०, टायरवर चढवायच्या चेन-फावडं-जॅक-कंप्रेसर-दोर ९०, रिकामे कूलर ५०. झाले १०४३. बिनहाडाचं एल्कचं मटणच दोनशे पाउंडांच्या आसपास भरतं, म्हणजे जाताना पाणी आणि शिधा होता तो संपलेला असतो म्हणून येताना कसंबसं बसतं! यात तुमचा दीडशे पाउंडांचा रूफटॉप टेंट आणि स्टीलचा बंपर कुठे बसवू सांगा, आणि लिफ्ट केल्याने स्टिकरवरचा आकडा काही वाढत नाही. शिवाय टेंट गाडीच्या डोक्यावर असला की मटण घेऊन गावात जायचं तर अख्खं घर गुंडाळा. माझा तंबू जमिनीवर राहतो, गाडी मोकळी.

कूलर. यावर तुम्ही सगळ्यात जास्त हसलात आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच. सप्टेंबरात तिथे दुपारी चांगलं ऊन असतं, आणि एल्कचं धूड इतकं मोठं की कातडी पटकन काढली नाही तर आतली उष्णता बाहेर पडतच नाही, मांडीच्या सांध्यापाशी हाडालगतचं मटण सगळ्यात आधी आंबतं. मी घरूनच पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये दगड करून कूलरमध्ये भरतो, सुट्टा बर्फ नाही, कारण सुट्टा बर्फ वितळला की मटण त्या पाण्यात पोहत बसतं. बाटली वितळली तर प्यायला होते (वरच्या हिशोबातलं निम्मं पाणी हेच आहे). मटण कापडी पिशवीत, आधी रात्रीच्या गारठ्यात झाडाला टांगून थंड करायचं, मग कूलरमध्ये. आणि गाडी सावलीत लावा, बंद टॉपरची उन्हात भट्टी होते.

कुकर काढणार नाही. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, तुरीची डाळ तासभर गॅस जाळून पण कच्ची. तुम्ही खा बर्गर.

रायफलचं म्हणाल तर कोलोरॅडोत गाडीत रायफलच्या चेंबरमध्ये काडतूस ठेवणं बेकायदा, रस्त्यावरून किंवा गाडीतून बार टाकायचा नाही, रस्त्याच्या मध्यापासून निदान ५० फूट बाजूला जावं लागतं. मग काचेपाशी हाताशी ठेवून करू काय? ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे गाडी सोडून गेलो की, काच फोडून न्यायचं आमंत्रण नुसतं. माझी कडक केसमध्ये, ड्रॉवरमध्ये, कुलपात.

विंचचं मात्र अर्धं मान्य. एकटे जात असाल, मागे दुसरी गाडी नसेल, तर घ्या, पण मग टॉपर काढा नाहीतर दुसरं काहीतरी काढा. आम्ही दोन गाड्या जातो, जाड दोर आणि सॉफ्ट शॅकल (दोराचीच मजबूत कडी) पुरतात. फक्त दोर हिचच्या (मागे ट्रेलर जोडायच्या) गोळ्याला अडकवू नका, तो गोळा तुटून सुटला तर तोफगोळ्यासारखा येतो, माणसं मेली आहेत त्याने.

टायरचं विचारलंत ते सरळ सांगतो. कंपनीच्याच मापाचे, पण ई लोड रेंजचे, म्हणजे जास्त वजन पेलणारे, जाड, धारदार दगडांनी बाजू फाटू नये म्हणून, आणि स्पेअरही त्याच मापाचा पूर्ण. मोठे टायर घातले की चाकाभोवतीची जागा संपते आणि चेन बसत नाही, आणि तिकडची चिकणमाती भिजली की फोर व्हील ड्राइव्हला विचारत नाही, चेनच लागते. कुठल्या चाकांना चालते ते मॅन्युअलमध्ये बघा आणि घरी ड्राइववेत एकदा चढवून बघा, अंधारात हातमोजे घालून पहिल्यांदा करायचं ते काम नाही.