पाळी चुकली? घाई कसली!

पाळी चुकली की आधी दगदगीला दोष द्यावा, मग हवेला, मग जागरणाला. एवढ्यात दहा-बारा दिवस सहज निघतात. लघवीची चाचणी पाळी चुकल्यापासूनच बहुधा खरं सांगते, म्हणून तर ती करायची नाही. कळलं की काहीतरी करावं लागतं.

दिवस मोजताना ‘त्या’ रात्रीपासून मोजा. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुमचे 8 आठवडे त्यांच्या वहीत 10 भरतात. घरी गोळ्यांनी गर्भपात भागण्याची मुदत साधारण तिथवरच असते. त्यापुढे व्हॅक्युमने पिशवी रिकामी करायची. काम पाच-दहा मिनिटांचं, पण ते नाव ऐकून आणखी दोन आठवडे घाबरण्यात घालवता येतात.

दिवस राहू नयेत म्हणून तातडीची गोळी संबंधानंतर 72 तासांत घ्यायची असते ना? मग 71व्या तासाला घ्या. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ती दीड मिलीग्रॅमची गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर बिचारी काय करणार! दोन तासांच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी लागते, हे कुणाला विचारू नका. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर याहून खात्रीचा उपाय नाही, शिवाय तिचे काही प्रकार 10 वर्षं चालतात. पण त्यासाठी क्लिनिकची पायरी चढावी लागते.

दिवस गेलेच असतील तर मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या आहेतच. आधी मिफेप्रिस्टोन 200 मिलीग्रॅम, मग 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल 800 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200च्या चार गोळ्या गालात अर्धा तास धरायच्या, हा झाला पुस्तकी क्रम. पहिली गोळी गर्भाचा आधार काढते आणि पिशवीला दुसऱ्या औषधासाठी तयार करते. तुम्ही सगळ्या एकदम पाण्याबरोबर गिळून मोकळ्या व्हा. अर्धवट गर्भपात झाला तर ‘माल खोटा होता’ म्हणता येतं.

सोनोग्राफी तर नकोच. गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, तो वाढत राहतो आणि नलिका फुटते. एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी: हे सगळं ‘गॅसेस’मध्ये बसवून टाका. आत तांबी आहे, रक्त पातळ होण्याचं औषध चालू आहे, हेही सांगायचं नाही. डॉक्टर उगाच प्रश्न वाढवतात.

रक्तस्राव तर होणारच. पण तासाला दोन मोठे पॅड, तेही सलग दोन तास भिजले, की लगेच दवाखाना गाठायचा असतो. दिवसभर उतरत नसलेल्या तापाचंही तेच. आपल्याकडे मात्र सगळं अंगावर काढणारीलाच शहाणी म्हणतात. चौथ्या दिवशी चाचणी करून रडायलाही हरकत नाही. गर्भपात पूर्ण झाला तरी ती तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, एवढं ठाऊक नसलं म्हणजे झालं.

यानंतर महिनाभर निर्धास्त राहा. बीज आठव्या-दहाव्या दिवशीसुद्धा सुटू शकतं, म्हणून क्लिनिकवाले त्याच दिवशी गर्भनिरोधक सुरू करायला सांगतात. त्यांना काय, त्यांचा धंदाच तो. रोजच्या गोळ्या घेतल्याच तर आठवतील तेव्हा घ्या. दोन चुकल्या की पुढचे 7 दिवस निरोधही वापरायचा असतो. तो वापरायचाच झाला तर वर तेल चोळा. लॅटेक्सला तेल लागलं की ते काही मिनिटांत कमजोर होतं.

राहिली नसबंदी. पुरुषाची शस्त्रक्रिया छोटी, बाईची त्याहून मोठी, म्हणून अर्थातच बाईनेच करायची. एखादा पुरुष तयार झालाच तर टाक्यांच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याला मोकळं सोडा. नळीत उरलेले शुक्रजंतू संपायला 3 महिने लागतात आणि मग वीर्य तपासून घ्यायचं असतं, पण तपासणीला त्याला सवड कुठली! पाळी चुकली की संशय कुणावर घ्यायचा, ते ठरलेलंच आहे.