"अभ्यास करून लिहीत जा" म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार. इंग्रज माणसाला आयरिशमध्ये सासनख म्हणतात, त्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, खरं सांगतो, झोप उडाली. तुम्ही म्हणता, "सर, सासनख ही आयरिश भाषेत इंग्रजांना दिलेली सरळसरळ शिवी आहे, तुम्ही तिला साधा शब्द ठरवलंत, गाल हा जुना शब्द विसरलात, बेअर्लाचं बिअर्ला केलंत, जरा अभ्यास करून लिहीत जा."

बेअर्लाचं (म्हणजे इंग्रजी भाषेचं आयरिश नाव) मान्य. चूक माझी, दुरुस्त केलीये, थँक्यू.

पण "अभ्यास करून लिहीत जा"? अहो, मी सहा वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेत काढलीत, आयरिशच्या क्लासला पावसात सायकल हाणत गेलोय (तिथला पाऊस कोकणासारखा धो धो नाही, आडवा, थोबाडीत मारणारा). घरमालकीण जवळच्याच कॉनमारा भागातल्या, घरात आयरिशच बोलायच्या. शेजारी इंग्लंडमधल्या लँकेशायरचे एक आजोबा होते, ते चहाला आले की बाई आतूनच ओरडायच्या, सासनख आला, अजून एक कप काढ! आता शिवी खाऊन रोज चहाला कोण येतं? तुम्ही किती वर्षं होता तिकडे, तेही कळू द्या की.

शब्द आलाय लॅटिनमधल्या साक्सोनेसवरून, म्हणजे सॅक्सन लोक. देश सासना, माणूस सासनख. वेल्शमधला साइस, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रेटन भाषेतला साओझ, सगळे त्याच मुळाचे. इंग्लंडचं नाव पडलं अँगल्स या दुसऱ्या टोळीवरून पण शेजाऱ्यांच्या तोंडी बसले सॅक्सन, आपण नाही का फ्रँकांवरून आलेला फिरंगी पोर्तुगिजांना चिकटवला, तसंच. शिवीचा वास येतो तो इंग्रजीत शिरलेल्या सॅसेनॅकला, आणि तो स्कॉटिश गेलिकमधून गेलाय, तिथले डोंगराळ भागातले लोक इंग्रजी बोलणाऱ्या लोलँडच्या (सखल भागातल्या) स्कॉटिश माणसालाही तेच म्हणायचे. आता रागाने म्हटलं तर सासनखपण टोचत असेल, नाही कशाला म्हणू, मुंबईत भैयाची शिवी झालीच की, मुळात भाऊ असून.

गालचं म्हणाल तर तो कुठल्याही परक्याला, आधी व्हायकिंग, मग नॉर्मन, मग इंग्रज. आयर्लंडमधल्या डोनेगॉल या गावाचं नाव म्हणजे परक्यांचा किल्ला, त्यात तोच बसलाय. वेगळा लेख लिहीन, मूड आला तर.

आणि "सर" म्हणून सुरुवात करून शेवटी टोला हाणायचा असेल तर नाव तरी लिहा, "एक अभ्यासू वाचक" काय!