बेंबी सरकत नाही, आतडं अडकतं

"पोटात अचानक दुखू लागलं तर घाबरू नका, बेंबी सरकलेली असते. एरंडेल घ्या, पोट खालून वर चोळा, 24 तास थांबा." असा सुरू होणारा मेसेज गेला महिनाभर आमच्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तीनदा वाचून मी सोडून दिला. चौथ्यांदा तो काकीच्या उशाशी, चुलतभावाच्या मोबाइलवर उघडा होता आणि काकी उजवा पाय पोटाशी घेऊन कण्हत होती. म्हणून आता एकेका मुद्द्याला उत्तर देते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात 19 वर्षं नर्स म्हणून काढली आहेत, ऐकीव काही लिहीत नाही.

आधी ती बेंबी. नाळ गळून पडल्यावर राहिलेला तो व्रण. तो पोटाच्या भिंतीला घट्ट असतो, इकडून तिकडे जात नाही. बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला की कातडी ओढली जाते आणि काहींना बरं वाटतं, हे खरं आहे. कारण बऱ्याच वेळा पोटदुखी वायगोळ्याची नाहीतर मुरड्याची असते आणि ती काही न करताही उतरते. एवढं मी मान्य करते. पण ज्यांची उतरत नाही त्यांच्या जिवावर हा मेसेज उठतो.

काकी 76 वर्षांची. चार बाळंतपणं, जुना खोकला, अंगावर मांस म्हणून नाही. रात्री नऊला जेवण झाल्यावर कळ सुरू झाली. एरंडेल दिलं, ते उलटून पडलं, पुन्हा दिलं. पोट चोळलं. मांडीही दुखते म्हणाली तर नारायण तेलाने मांडी चोळली, कारण "कळ मांडीत उतरली तर तो वात" असंही त्या मेसेजमध्ये आहे. मला फोन आला सकाळी सातला. गेल्यावर म्हटलं, "काकी, पाय सरळ कर पाहू." गुडघा जेमतेम अर्धा उलगडला आणि ती किंचाळली. जांघेत हात लावला तर गाठ नाही, फुगवटा नाही. कळ मात्र मांडीच्या आतल्या अंगाने थेट गुडघ्यापर्यंत.

कटीच्या हाडात, जांघेच्या खाली खोल, एक भोक असतं. त्याच्यातून एक नस मांडीकडे जाते. म्हातारपणी अंगावरची चरबी झडली की तिथली जागा मोकळी होते आणि आतड्याचं एखादं वळण त्यात घुसून अडकतं. नस चेपली जाते म्हणून मांडीत कळ. पाय दुमडला की जरा बरं, सरळ केला की असह्य. डॉक्टर याला हाउशिप-रॉम्बर्ग खूण म्हणतात आणि आजाराचं नाव ऑब्च्युरेटर हर्निया. शंभर हर्नियांत असा एखादाच, आणि तो बहुतेक वेळा किडकिडीत म्हाताऱ्या बायकांतच सापडतो. गाठ खोल असते, बाहेरून दिसत नाही, म्हणून तो हमखास निसटतो. अशा आतड्याची वाट बंद असताना वरून एरंडेल दिलं की आतडं आणखी जोराने आवळतं आणि ताण सगळा अडकलेल्या जागी येतो. काकीचं वीतभर आतडं काळं पडलेलं निघालं. ते कापावं लागलं.

"24 तास थांबा." हे वाक्य लिहिणाऱ्याला मला समोर उभं करून विचारायचं आहे, कुठून आणले हे 24 तास? झॅकरी कोप या ब्रिटिश सर्जनने अचानक उठणाऱ्या पोटदुखीच्या निदानावर 1921 साली पुस्तक लिहिलं. शंभर वर्षं उलटली तरी सर्जन ते वाचतात. त्यात तो सांगतो की चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाच्या पोटात तीव्र कळ उठून सहा तास टिकली, तर कारण बहुतेक वेळा सर्जनने बघण्याजोगं असतं. सहा तास! आणि तेही वाट बघत बसायला दिलेले नाहीत. पेडण्याच्या आतल्या गावातून म्हापशाचं किंवा बांबोळीचं मोठं इस्पितळ गाठायचा वेळ त्यातूनच जातो. वयात येणारा मुलगा "पोट दुखतं" एवढंच म्हणतो, खालचं लाजेने सांगत नाही. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण सहाच तास हातात असतात. मुलींत अंडाशयाला असाच पीळ पडतो आणि घरची माणसं पाळीचं दुखणं म्हणून ओव्याचा काढा देतात.

"पोट मऊ लागलं तर धोका नाही." उलट. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात रक्ताची गुठळी सुटून आतड्याच्या धमनीत बसू शकते. माणूस गडबडा लोळतो आणि पोट दाबून बघावं तर मऊ. कळ भयंकर आणि तपासात काही नाही, हीच तिची खूण आहे. तातडीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचं सांगणं असं की उलट सिद्ध होईपर्यंत असं दुखणं आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचंच धरा. यात निम्मे तरी रुग्ण दगावतात. पोट कडक होईपर्यंत थांबलात तर आतडं मेलेलं असतं.

"अपेंडिक्स आधीच काढलंय, आता पोटाला ऑपरेशन लागत नाही." जुन्या ऑपरेशनमुळे पोटात चिकटे होतात, म्हणजे आतडी एकमेकांना चिकटतात, आणि लहान आतडं अडकायचं ते सगळ्यात मोठं कारण आहे.

"मासळीचा काटा पोटात विरघळतो." बहुतेक काटे शौचावाटे जातात, हे खरं. शंभरात एखादाही टोचत नाही. पण टोचला तर आतड्याला भोक पडतं, दुखणं थेट अपेंडिक्ससारखं वाटतं आणि काटा गिळल्याचं रुग्णाला आठवतही नाही. रोज तारले-पेडवे खाणाऱ्या घरांनी डॉक्टरला हे आपणहून सांगावं.

"सीटी स्कॅन म्हणजे कमिशन." गरज नसताना स्कॅन लिहून देणारे असतात, नाकारत नाही. पण धमनीतली गुठळी, खोल अडकलेला हर्निया, माशाचा काटा, यातलं बरंच काही साध्या एक्स-रेत दिसत नाही. काकीचा एक्स-रे बघून आदल्या रात्रीच एका दवाखान्यात "गॅस आहे" म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं होतं. हर्निया दिसला तो स्कॅनमध्येच.

शेवटचा मुद्दा, "अशक्तपणा येऊ नये म्हणून पेज पाजत राहा". काकीच्या पोटात दोन वाट्या पेज गेली होती. भूल देताना ती उलटून फुप्फुसात गेली असती, म्हणून आधी नाकातून नळी घालून सगळी काढावी लागली. पिवळट पाण्यात भाताची शितं तरंगत होती. चुलतभाऊ दारात उभा राहून ते बघत होता. तो मेसेज त्याने तिथेच पुसला, पण तोवर मामाकडून तो वाळपईच्या ग्रुपवर गेला होता.