मेलेलं वाळवंट? कुणी सांगितलं!

फेब्रुवारी संपत आला की तो फॉरवर्ड ग्रुपवर येतोच. अँझा-बोरेगो पार्कमधल्या फुलांचे फोटो आणि खाली मजकूर: ‘कॅलिफोर्नियाचं मेलेलं वाळवंट एका पावसात जिवंत झालं! दर वसंतात निसर्ग अंथरतो हा गालिचा. आपणही उजाड माळांवर फुलांच्या बिया उधळूया.’ फोटो झकास आहेत. मजकुराचं मात्र कठीण आहे.

‘मेलेलं’ म्हणे! सॅन डिएगोच्या पूर्वेला ६ लाख एकरांवर पसरलेल्या या पार्कमध्ये भर उन्हाळ्यातही क्रिओसोटची झुडपं तग धरून असतात. ओकोटियो ही वनस्पती तर काटेरी काठ्यांची मोळीच वाटते. पण चांगला पाऊस झाला की चार-सहा दिवसांत ती मोळी बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवी होते. ओल संपली की पानं गळतात, पुन्हा पाऊस पडला की पुन्हा फुटतात. हे मेलेलं असेल तर आपला मार्चमधला सागही मेलेलाच.

‘एका पावसात’ हे तर त्याहून चूक. एका हंगामात उगवून संपणाऱ्या या फुलझाडांच्या बियांवर अंकुर रोखणारी द्रव्यं असतात. शिंतोड्यांनी ती धुऊन जात नाहीत. साधारण इंचभर पाऊस लागतो, तोही हवा गार असताना. ऑगस्टमधल्या गडगडाटी पावसाला या बिया भीक घालत नाहीत. पुढे हिवाळाभर मधूनमधून सरी हव्यात, अवेळी गरम वारं नको. इतकं जमलं तरी सगळ्या बिया रुजत नाहीत, काही मातीत राखीव राहतात. २०१७ आणि २०१९ साली सगळं जुळलं, म्हणून तर एवढा गाजावाजा झाला. ‘दर वसंतात’वर विसंबून विमानाचं तिकीट काढू नये.

गालिच्याबद्दल काय बोलावं? गालिचा नुसता पडून असतो, इथे जगणं-मरणं चालू असतं. वाळूतला पांढरा प्रिमरोझ संध्याकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून मलूल होतो. त्याच्या पानांवर बोटाएवढ्या सुरवंटांची पंगत बसते, आणि त्या सुरवंटांवर उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन ससाणे ताव मारतात. झाड वाळलं की फांद्या आत वळून पिंजऱ्यासारखा सांगाडा उरतो.

बिया उधळण्याचं म्हणाल तर बाहेरचं बी काय करतं ते याच पार्कमध्ये बघा, तिथे तणाची धास्ती आहे. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडची सहारा मोहरी तिथे शिरली. ती आधी उगवते, भराभर वाढते आणि स्थानिक फुलांच्या वाटची ओल पिऊन टाकते. तिथल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावात स्वयंसेवक ती हातांनी उपटतात. फॉरवर्डमधला शेवटचा फोटो जरा मोठा करून बघा: फिकट पिवळी, बारीक, चार पाकळ्यांची फुलं. मोहरीच आहे ती.