गप्प बसलं की गुणही नाहीत

मेडिकल प्रवेशाच्या मुलाखतीवर एक लेख वाचला. 'राजकीय प्रश्न आला तर मत देऊच नका' हा त्यातला सल्ला ब्रिटनमधल्या मुलाखतीत अंगाशी येईल. तिथे बऱ्याचदा एमएमआय असतो, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखती. त्यातल्या एकेका टप्प्याला, म्हणजे स्टेशनला, जेमतेम पाच-आठ मिनिटं मिळतात. 'दोघांचंही बरोबर आहे' म्हणून थांबलात तर परीक्षकाने गुण द्यायचे कशाला?

डॉक्टरांच्या संपाचं घ्या. आधी पगार आणि रिक्त जागा, मग पुढे ढकललेली ऑपरेशन्स, त्या काळात इमर्जन्सी कोण सांभाळतं ते, आणि शेवटी एका वाक्यात आपलं मत, कारणासकट. पक्षाला शिव्या नकोत. आणि हो, संप करणाऱ्या या डॉक्टरांना तिथे सप्टेंबर २०२४ पासून 'ज्युनियर' नाही, 'रेझिडेंट' डॉक्टर म्हणतात. जुना शब्द आला की वाचन कुठे थांबलंय ते कळतं.

मुलं खरी अडकतात गर्भपातावर. 'माझ्या धर्मात बसत नाही' एवढ्यावर थांबतात. तिथल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याच्या कलम ४ नुसार डॉक्टरला सहभाग नाकारता येतो, पण बाईचा जीव वाचवायला किंवा तिला गंभीर, कायमची इजा टाळायला उपचार गरजेचे असतील तर नाही. शिवाय डॉक्टरांसाठी नियम ठरवणारं जनरल मेडिकल कौन्सिल सांगतं की पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येईल एवढी माहिती द्यायलाच हवी, तीही तिला अपराधी न वाटू देता. पुढचा उपप्रश्न बहुधा याच माहितीवर असतो.